किती प्रती काढायच्या?

छापखान्यात त्या दिवशी मी तासभर बसले होते. मुखपृष्ठाचा रंग ठरला, आतला कागद ठरला, बांधणी कोणती करायची हे ठरले, आणि सगळे झाल्यावर मुद्रकाने ऑर्डरची वही पुढे ओढून अगदी सहज विचारले, "किती काढायच्या, ताई?" या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. चार वर्षे मी ते पुस्तक लिहीत होते, त्यांतले एक वर्ष तर केवळ पुनर्लेखनात गेले होते, कोणत्या लेखानंतर कोणता लेख यावा यावर मी रात्रीची झोप घालवली होती. पण या पुस्तकाच्या एकंदर किती प्रती असाव्यात, हा विचार एकदाही मनात आला नव्हता. मी "हजार" म्हणाले. त्याहून लहान आकडा तोंडातून काढायची लाज वाटली, एवढेच त्यामागचे खरे कारण. मुद्रकाने मान वर न करता आकडा लिहून घेतला, आणि पुढची नऊ वर्षे मी तो आकडा फेडत राहिले.

ते पुस्तक म्हणजे रोजच्या वापरातल्या लहान वस्तूंवरचे लेख होते: सुई, बटण, किल्ली, टाचणी, सुतळीचा गुंडा. तीन प्रकाशकांकडे मी हस्तलिखित पाठवले होते. दोघांकडून उत्तर आले नाही. तिसऱ्यांनी मात्र सविस्तर पत्र लिहिले, की लेखन नेटके आहे, भाषा चांगली आहे, परंतु असे पुस्तक नेमके कोण विकत घेईल हे आम्हांला सांगता येत नाही. त्या पत्राचा मला फार राग आला. आज वाटते, त्या सगळ्या खटाटोपात मला कोणी विचारलेला तो एकमेव उपयोगाचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शोधायचे सोडून मी तो मनाला लावून घेतला. पदरमोड करून पुस्तक स्वतःच काढायचे ठरवले तेही त्याच तिरीमिरीत. म्हणजे "हजार" हा माझ्या वाचकांचा अंदाज नव्हताच. ते त्या तिसऱ्या पत्राला दिलेले उत्तर होते, आणि ज्यांनी पत्र लिहिले त्यांच्यापर्यंत ते कधी पोहोचलेही नाही.

लेखकाच्या दृष्टीने पुस्तक एकच असते. प्रकाशकाला प्रती दिसतात, आणि प्रतींना वजन, जाडी आणि जागा असते. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्याला ही दोन्ही माणसे एकाच अंगात वागवावी लागतात, आणि पहिल्या पुस्तकाच्या वेळी त्या दोघांची एकमेकांशी धड ओळखही झालेली नसते. माझ्या बाबतीत ती ओळख फर्म्याने करून दिली. ऑफसेट छपाईत मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ अशी सोळा पृष्ठे छापतात. मग तो कागद तीन घड्या घालून दुमडला, कडा कापल्या, की पृष्ठे ओळीने लागतात. या सोळा पृष्ठांच्या घडीला फर्मा म्हणतात. (घरी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे: कागदाला तीन घड्या घालाव्यात, घडी न मोडता कोपरे उचकून एक ते सोळा आकडे लिहावेत आणि मग कागद उलगडावा. आकडे उलटेसुलटे आणि भलतीकडेच पडलेले दिसतात. छापखान्यातल्या माणसाच्या डोक्यात हा नकाशा कायमचा बसलेला असतो.) माझे पुस्तक १६३ पृष्ठांचे झाले होते. दहा फर्म्यांची १६० पृष्ठे होतात. वरच्या तीन पृष्ठांसाठी एक तर अकरावा फर्मा घालून १३ पृष्ठे कोरी सोडायची, नाही तर तुकड्याची वेगळी छपाई आणि वेगळी जोडणी करायची. मी घरी आले आणि किल्लीवरच्या लेखातली तीन पृष्ठे काढून टाकली. लेखिका म्हणून मी ती कधीच काढली नसती. लेख त्यामुळे सुधारला, हे कबूल करायला मला दोन वर्षे लागली.

पुस्तक छापून आले तेव्हा प्रती प्रथमच अंगावर आल्या, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. डेमी आकार, ८० जीएसएमचा कागद, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन ८० ग्रॅम. १६० पृष्ठांची ८० पाने होतात, आणि मुखपृष्ठासह एक प्रत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. हातात घेतली तर काहीच वाटत नाही. हजार प्रती म्हणजे सव्वादोनशे किलो. एकावर एक रचल्या असत्या तर साडेआठ मीटरपर्यंत गेल्या असत्या. बाइंडरने पंचवीस-पंचवीस प्रतींचे तपकिरी कागदातले चाळीस गठ्ठे बांधले होते, प्रत्येक गठ्ठ्यावर पेन्सिलीने "२५" असे लिहिलेले होते, आणि ते सगळे माझ्या झोपायच्या खोलीत भिंतीला लागून उभे राहिले. पहिला गठ्ठा सोडून मी वरचीच प्रत उघडली, आणि सुईच्या लेखात, जिथे आजी दोरा ओवते, तिथे "आजीने दोरा ओवाळला" असे छापलेले दिसले. मुद्रिते मी स्वतः तीनदा वाचली होती. आपलेच लेखन तपासताना डोळा कागदावरचा शब्द वाचत नाही, मनातला वाचतो, हे मुद्रितशोधक फुकट सांगतात आणि आपण ऐकत नाही. हस्तलिखितात चूक एक असते. छापल्यावर तिच्या हजार चुका होतात. बारीक टोकाच्या पेनाने मी एकेका प्रतीत ती दुरुस्त करायला बसले. चाळीस प्रतींनंतर नाद सोडला. त्या पुस्तकाच्या चाळीस प्रती शुद्ध आहेत, आणि त्या कोणाकडे गेल्या याची नोंद नाही.

हजारच का, याचे आणखी एक कारण मी तेव्हा स्वतःला सांगितले होते, आणि ते व्यवहारी वाटत असल्यामुळे अधिक फसवे होते. ऑफसेटमध्ये प्लेटा (छपाईचे धातूचे पत्रे) करणे, मशीन लावणे, रंग जमेपर्यंत काही कागद वाया घालवणे हा खर्च शंभर प्रतींना जेवढा तेवढाच तीन हजारांना येतो. शिवाय संपादन, मांडणी आणि मुखपृष्ठ यांचा खर्च तर छपाईच्या आधीच झालेला असतो. त्यामुळे संख्या वाढली की दर प्रतीचा खर्च उतरतो, आणि "आणखी पाचशे काढल्या तर फक्त कागद आणि बांधणीचेच वाढतील" हे वाक्य प्रत्येक छापखान्यात प्रत्येक नवख्या प्रकाशकाला ऐकू येते. वाक्य खरे आहे. हा स्थिर खर्च ३०० एकक धरू आणि कागद-बांधणीचा खर्च दर प्रतीला १ एकक धरू. तीनशे प्रतींना एकूण ६०० लागतात, म्हणजे प्रत २ ला पडते. हजारांना १३००, म्हणजे १.३, तीन हजारांना ३३००, म्हणजे १.१. पहिल्या टप्प्यात खर्च धाडकन उतरतो, दुसऱ्या टप्प्यात नावापुरता उतरतो, हे एक. पण खरी मेख पुढेच आहे. ही भागाकाराची सगळी गंमत छापलेल्या प्रतींची आहे, आणि पैसे येतात ते विकलेल्या प्रतींचे. हजार छापून चारशेच विकल्या तर १३०० ला ४०० ने भागावे लागते, आणि विकलेली प्रत सव्वातीनला पडते; नेमक्या चारशेच छापल्या असत्या तर ती पावणेदोनला पडली असती. स्वस्त छापलेली प्रत अशी महाग होते. मी हा भागाकार पुस्तक निघाल्यावर तिसऱ्या वर्षी प्रथम केला, गठ्ठ्यांवर पाय ठेवून.

या बाबतीत मला सगळ्यांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो. त्याने आपले पहिले पुस्तक १८४९ साली छपाईच्या खर्चाची हमी स्वतः देऊन काढले. प्रती निघाल्या हजार. चार वर्षांनी प्रकाशकाने कळवले की तळघरातली जागा मोकळी हवी आहे, या उरलेल्या प्रतींचे काय करायचे ते सांगावे. आणि ऑक्टोबर १८५३ मध्ये ७०६ प्रती गाडीत भरून त्याच्या दारात आल्या. गेलेल्या तीनशेच्या आतल्या प्रतींपैकी ७५ भेट दिलेल्या होत्या. त्याने त्या सातशे प्रती पाठीवरून दोन जिने चढवून आपल्या खोलीत नेल्या, आणि रोजनिशीत लिहून ठेवले की आता माझ्या ग्रंथसंग्रहात जवळजवळ नऊशे पुस्तके आहेत आणि त्यांतली सातशेहून अधिक मीच लिहिलेली आहेत. ही नोंद लोक विनोद म्हणून सांगतात. मला त्यात पाठ दिसते. कीर्तीपेक्षा ही वस्तू अधिक भरीव आहे आणि ते माझ्या पाठीला ठाऊक आहे, अशा अर्थाचे तो त्याच नोंदीत म्हणतो, आणि सव्वादोनशे किलो कागद एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलेल्या कोणालाही हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षी, १८५४ साली, त्याचे वॉल्डन हे पुस्तक आले. ते दुसऱ्या प्रकाशकाने काढले, आणि प्रती दोन हजार होत्या. त्या वेळी त्याला "किती काढायच्या" असे कोणी विचारले असेल का, आणि विचारले असेल तर तो काय म्हणाला असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

पहिल्या दीडशे प्रती जातात, त्या पुस्तकामुळे जात नाहीत. त्या नात्यांमुळे जातात. शाळूसोबती, सहकारी, मावस-चुलत भावंडे, एके काळचे शेजारी. प्रत्येक जण एक प्रत घेतो, काही जण दोन घेतात, आणि महिनाभर आपले पुस्तक खपते आहे अशी समजूत होते. याच काळात भेटप्रतींचा धबधबाही चालू असतो. मी "सप्रेम भेट" लिहून किती प्रती दिल्या याचा हिशेब पुढे लावला तेव्हा तो आकडा ११८ निघाला. त्यांतल्या निम्म्या लोकांनी प्रत आनंदाने विकत घेतली असती, आणि उरलेल्या निम्म्यांना ती फुकटही नको होती. माझे अजूनही असे मत आहे की भेटप्रत ही उदारपणाने दिली जात नाही. प्रती संपत नाहीत या भीतीने दिली जाते. मग ओळखीचे संपतात. त्यानंतरची प्रत जिला विकली जाईल ती व्यक्ती आपल्याला ओळखत नाही, आपल्या आईला ओळखत नाही, आणि तिला पुस्तक घेण्याचे कोणतेही कारण नसते, पुस्तकाखेरीज. प्रकाशन सुरू होते ते इथे.

मी दुकानांकडे गेले. पुस्तकविक्रीत दुकानदाराला छापील किमतीवर चाळीस टक्क्यांच्या आसपास सूट द्यावी लागणे यात वावगे काही नाही, आणि मधे वितरक असेल तर दोघांचे मिळून पन्नास-पंचावन्न टक्के सहज जातात. त्याला जागेचे भाडे आहे, नोकर आहेत, न विकली जाणारी आमच्यासारख्यांची पुस्तके आहेत. नवखा प्रकाशक छापील किंमत ठरवताना छपाईचा खर्च दुप्पट करतो आणि स्वतःला धूर्त समजतो. दुप्पट किमतीतून दुकानाचा वाटा, पाठवणीचा खर्च आणि परत आलेल्या प्रती वजा केल्या की हातात काय राहते, हे पाहिले म्हणजे या धंद्यातली जुनी माणसे उत्पादनखर्चाच्या चौपट-पाचपट किंमत का लावतात ते कळते. त्यातच आणखी एक गंमत: स्वतःचे पुस्तक काढणारा लेखक हिशेबात लेखकाचे मानधन धरायलाच विसरतो. दुसऱ्याचे पुस्तक काढले असते तर त्याला आपण दहा टक्के तरी दिले असते. स्वतःला मात्र आपण सर्रास बुडवतो.

दुकानात प्रती राहतात त्या विकल्या तर पैसे, नाही तर परत, या बोलीवर. ही बोली आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून अशीच असावी असे वाटते. पण नवी पुस्तके सर्रास परत घेण्याची पद्धत अमेरिकेत रुजली ती १९३०च्या दशकातल्या महामंदीत, दुकानदार नवे पुस्तक मागवायला धजत नव्हते म्हणून. मोठ्या प्रकाशकाला ती झेपते. माझ्याकडे एका दुकानातून चौदा महिन्यांनी पन्नासपैकी ४१ प्रती परत आल्या. खोका उघडला तेव्हा त्यातली प्रत्येक प्रत वेगळी झालेली होती. छापखान्यातून निघताना त्या एकसारख्या होत्या. आता काहींची पाठ उन्हाने फिकट झाली होती, आणि ती एका ठरावीक उंचीच्या वरच, म्हणजे पुढ्यात एखादे कमी उंचीचे पुस्तक उभे असणार. काहींचे कोपरे दबले होते. मलपृष्ठावर किमतीची चिकटपट्टी होती, ती काढली तर चिकट डाग राहायचा, आणि डागावर पुढे धूळ बसायची. एका प्रतीत एकोणतिसाव्या पानावर बसचे तिकीट खूण म्हणून घातलेले सापडले. कोणी तरी दुकानात उभ्याउभ्या तिथवर वाचले होते आणि पुन्हा येऊन पुढे वाचायचा बेत केला होता. ती प्रत मी विकली नाही. उरलेल्या नऊ प्रतींचे पैसे मात्र आजवर आलेले नाहीत. चार पत्रे लिहिली, मग टपालखर्च त्या पैशांच्या पुढे जाऊ लागला तेव्हा थांबले.

बदल झाला तो एका पत्राने. शिवणकाम शिकवणाऱ्या एका अनोळखी बाईंनी विचारले होते, की बटणावरचा लेख मी वर्गात वाचून दाखवला, मुलींना पुस्तक हवे आहे, तीस प्रती मिळतील का? मी तीन वर्षे साहित्याची आवड असलेल्या माणसांच्या मागे लागले होते. समीक्षेसाठी प्रती पाठवत होते, साहित्याच्या कार्यक्रमांत कोपऱ्यातल्या टेबलामागे बसत होते. माझे वाचक मात्र तिथे नव्हतेच. ते हाताने काम करणाऱ्यांत होते: शिवणारे, कुलपे दुरुस्त करणारे, जुन्या वस्तू जमवणारे, लहान मुलांना हस्तकला शिकवणारे. तिसऱ्या पत्रातल्या "कोण विकत घेईल" या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते पहिल्या दिवसापासून अनुक्रमणिकेतच लिहिलेले होते. त्यानंतर मी एक साधी वही केली. प्रत कोणाला गेली, त्यांना पुस्तक कसे कळले, पुढे त्यांनी कोणाला सांगितले, एवढेच तीन रकाने. प्रकाशनाविषयी मला जे काही कळले ते त्या तिसऱ्या रकान्यातून कळले. दुकानातून गेलेल्या प्रतीचा वाचक प्रकाशकाला कधीच दिसत नाही. घरून गेलेल्या प्रतीचा वाचक नाव-पत्त्यासह वहीत बसतो, आणि पुढचे पुस्तक निघाले की त्यालाच आधी कळवता येते. प्रकाशनपूर्व नोंदणी ही काही नवी युक्ती नाही. अठराव्या शतकात इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने होमरच्या इलियडचे आपले भाषांतर आधी नोंदणी केलेल्या वर्गणीदारांच्या जोरावर सहा खंडांत काढले होते. नोंदणीचा मोठा फायदा पैशांचा नव्हे. छापखान्यात जायच्या आधी आकडा हातात येतो.

घरून पुस्तक पाठवायचे म्हणजे बांधायला शिकावे लागते, आणि या कामावर मी लेखनाइतकाच वेळ घालवला आहे. पुस्तकाला मार बसतो तो कोपऱ्यावर. म्हणून पुठ्ठा पुस्तकाच्या आकाराचा कापून चालत नाही. तो चारी बाजूंनी बोटभर मोठा लागतो, म्हणजे पार्सल पडले तर पुठ्ठ्याचा कोपरा दबतो आणि आतला वाचतो. पुस्तक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण ओल कागदाला आयुष्यातून उठवते. दोन पुठ्ठ्यांच्या मधे पुस्तक हलता कामा नये, नाही तर प्रवासात मुखपृष्ठ घासून त्यावर धुरकट पट्टे उमटतात. चिकटपट्टी पुस्तकाला लागू द्यायची नाही. हे सगळे झाले की मी पार्सल कमरेच्या उंचीवरून, कोपरा खाली करून, जमिनीवर सोडते. सुरुवातीला घरातल्यांना हा वेडेपणा वाटे. पण टपालात ते यापेक्षा प्रेमाने हाताळले जाणार आहे, असे मानायला मला आधार नाही. एक पार्सल नीट बांधायला सहा-सात मिनिटे लागतात, म्हणजे तासाला नऊ प्रती. हजार प्रतींचे किती तास होतात, हे कोणताही छापखाना सांगत नाही.

लहान आकड्याची लाज वाटायची गेली ती असे आकडे वाचतावाचता. मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बीआट्रिक्स पॉटरच्या सशाच्या गोष्टीला प्रकाशकांनी नकार दिल्यावर तिने १९०१च्या डिसेंबरात ती स्वखर्चाने छापली, तेव्हा प्रती काढल्या २५०, आणि त्या संपल्यावर आणखी २००. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि तिचा नवरा लेनर्ड यांनी १९१७ साली हातयंत्र विकत घेऊन जेवणघरात हॉगर्थ प्रेस सुरू केली. त्यांच्या पहिल्या पुस्तिकेच्या प्रती सुमारे १५० होत्या. त्यांच्यापाशी खिळेच, म्हणजे छपाईचे सुटे अक्षरठसे, इतके थोडे होते, की एकदोन पृष्ठे जुळवून छापायची, खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे आणि मग पुढचे पृष्ठ जुळवायचे. लेनर्डचा हात कापत असे म्हणून खिळे व्हर्जिनिया जुळवायची आणि तो यंत्र चालवायचा. एवढे कष्ट पडले की माणूस उगाच आकडा फुगवत नाही. माझ्या "हजार"ला फक्त एक शब्द उच्चारण्याचे कष्ट पडले होते.

पुढे मी दुसऱ्यांची पुस्तके काढू लागले. आजवर सहा काढली. त्यातल्या पहिल्या कवितासंग्रहाच्या वेळी कवयित्रीने विचारले, "किती काढणार आहात?" मी म्हटले, "दोनशे." ती गप्प झाली. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मला ओळखीचे होते, कारण ते मी स्वतः एकदा तिसरे पत्र वाचताना वागवले होते. दोनशे म्हणजे तुझी योग्यता दोनशेची, असे ती ऐकत होती. मी तिला सांगत होते की दोनशे संपल्या की आठवड्याभरात आणखी शंभर काढता येतील. डिजिटल छपाईत प्लेटाच नसल्यामुळे शंभर प्रतींचा दरही आता अंगावर येत नाही, आणि मागणी आली की एकच प्रत छापून देण्याचीही सोय झाली आहे. तरीही मी एकेक प्रत छापण्याकडे वळले नाही. तिथे दर प्रतीचा खर्च कधीच उतरत नाही, आणि तो दुकानाची सूट सोसत नाही, हे एक कारण. पण दुसरे कारण मला महत्त्वाचे वाटते. ज्या पुस्तकाचा एकही गठ्ठा घरात नाही ते विकण्यासाठी सकाळी उठून पत्रे लिहायला बसावेसे वाटत नाही. शंभर प्रतींचे मिळून चार गठ्ठे भिंतीशी असले की माणूस हलतो. चाळीस असले की खचतो.

येणारी हस्तलिखिते आता बरीच आहेत, आणि बहुतेकांना मी नकार कळवते. त्या पत्रांत मी लिहिते, की लेखन नेटके आहे, परंतु हे पुस्तक कोण विकत घेईल हे तुम्ही मला सांगू शकलात तर मी पुन्हा विचार करीन. हे शेवटचे अर्धे वाक्य मी माझ्या पदरचे घातले आहे, आणि आजवर दोघींनी त्याला उत्तर पाठवले. दोन्ही पुस्तके निघाली.

लहान वस्तूंच्या पुस्तकाचा चाळिसावा गठ्ठा मी गेल्या महिन्यात सोडला. वहीप्रमाणे तोवर ९७५ प्रती गेल्या होत्या, त्यांत ११८ भेट, सात वाळवीच्या, एक बसच्या तिकिटासाठी ठेवलेली. सुतळी सैल झाली होती. तपकिरी कागद घडीवर फाटला होता, आणि त्यावर पेन्सिलीचा "२५" अजून स्पष्ट दिसत होता. त्याच दिवशी दोन प्रती पाठवायच्या होत्या, म्हणून गठ्ठ्यात आता किती उरतील ते लिहून ठेवावे असा विचार करून मी प्रती मोजल्या. सव्वीस भरल्या. छापखान्यातून चार प्रती कमी-जास्त येतात हे मला आता ठाऊक आहे, पण बाकीच्या एकोणचाळीस गठ्ठ्यांत किती होत्या हे मी कधीच मोजून पाहिले नव्हते. सोडताना गठ्ठ्यावरचा आकडाच वहीत उतरवत गेले होते. मी पुन्हा मोजल्या. सव्वीसच होत्या.